मुलांची फँटसी मालिका रचताना: उपकथानकांचा हिशेब

हॅरी पॉटर मालिकेतल्या पाचव्या पुस्तकाच्या, म्हणजे 'ऑर्डर ऑफ द फिनिक्स'च्या आराखड्याचं एक पान जे. के. रोलिंग यांनी पुढे वाचकांसाठी खुलं केलं. रेघांच्या कागदावर हाताने आखलेला तक्ता आहे तो. डावीकडे प्रकरणाचा क्रमांक, शेजारी महिना, मग प्रकरणाचं नाव आणि त्यात मुख्यतः काय घडतं ते. एवढं बहुतेक लेखक करतातच. शिकण्यासारखे आहेत ते पुढचे रकाने: भविष्यवाणी, चो आणि जिनी, मुलांचा गुप्त गट, मोठ्यांची संघटना, स्नेप आणि हॅरी (यातच हॅरीचे वडील), हॅग्रिड आणि ग्रॉप. प्रत्येक उपकथानकाला एक उभा रकाना. तक्ता आडवा वाचला की एक प्रकरण कळतं, उभा वाचला की एक धागा सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसतो.

एका पुस्तकाची गोष्ट डोक्यात मावते, मालिकेची मावत नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची पुस्तकं कुठल्याही क्रमाने वाचली तरी बिघडत नाही. दर वेळी नवं संकट, नवे बदमाश, बन्या मात्र तोच. अशी मालिका लिहिणं सोपं नाही, पण तिथे मागच्या पुस्तकांचं देणं डोक्यावर नसतं. सलग फँटसी मालिकेत दुसऱ्या पुस्तकात फुटलेलं कपाट सहाव्यात उपयोगी पडायचं असतं, पात्रं दरवर्षी एक इयत्ता पुढे जात असतात, आणि पुढचं पुस्तक येईपर्यंत वाचकांनी आधीची पुस्तकं पाच-सहा वेळा वाचून काढलेली असतात. बारा वर्षांच्या वाचकाइतका कडक तपासनीस शोधून सापडायचा नाही.

उपकथानक म्हणजे मुख्य कथेच्या बाजूने चालणारी लहान गोष्ट. तिला स्वतःचा प्रश्न असतो, अडथळे असतात, शेवट असतो. पण एवढ्याने भागत नाही. वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला सावित्रीची गोष्ट सांगतात. ती उत्तम आहे, पण काढून ठेवली तरी कुरुक्षेत्रावरचं युद्ध जसंच्या तसं होईल. कर्णाचं तसं नाही. परशुरामांचा शाप, रथाचं चाक गिळलं जाईल हा ब्राह्मणाचा शाप, इंद्राने मागून नेलेली कवचकुंडलं, त्या बदल्यात मिळालेली एकदाच वापरता येणारी शक्ती, ती घटोत्कचावर खर्ची पडणं: प्रत्येक धागा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसामुळे सुरू होतो आणि सगळे येऊन मिळतात ते रुतलेल्या चाकापाशी. त्यातला एक जरी काढला तरी अर्जुनाचा विजय नव्याने लिहावा लागेल. मालिकेला उपकथानकं हवीत ती या दुसऱ्या जातीची.

म्हणून आराखडा करताना प्रत्येक उपकथानकाला एकच प्रश्न विचारायचा: शेवटच्या प्रसंगात तू काय देणार, किंवा काय काढून घेणार? देण्यासारख्या गोष्टी तीनच असतात: वस्तू, माहिती, किंवा बदललेलं नातं. काढून घेण्याचं काम मुलांच्या फँटसीत त्याहून महत्त्वाचं, कारण तिथे लेखकाची मुख्य अडचण राक्षस किंवा जादूगार ही नसते. ती असते घरातली आणि शाळेतली समजूतदार मोठी माणसं. तेरा वर्षांच्या मुलाला संकट कळलं तर तो एखाद्या मोठ्या माणसाकडे जाईल, आणि गोष्ट तिथेच संपेल. आईवडिलांना अपघातात मारून टाकणं हा सर्वांत स्वस्त उपाय. उपकथानकांकडून हे काम करून घेणं हा चांगला.

ते पाचव्या पुस्तकात कसं साधलंय ते जवळून पाहू. शेवटी हॅरीने खोट्या दृश्यावर विश्वास ठेवून जादूच्या मंत्रालयात धाव घ्यायची आहे. त्यासाठी त्याचं मन शत्रूला उघडं असायला हवं, आणि 'थांब, हा सापळा आहे' असं सांगणारं शाळेत कोणी उरता कामा नये. आता एकेक रकाना घ्या. मुलांचा गुप्त गट तयार होतो. हॅरीला आवडणाऱ्या चोची मैत्रीण मारिएटा तो उघडकीला आणते. गटाचा दोष मुख्याध्यापक डम्बलडोर स्वतःवर घेतो आणि त्याला शाळा सोडावी लागते. म्हणजे चोचा हळवा धागा आणि गटाचा धागा मिळून सर्वांत शक्तिमान माणूस बाजूला काढतात. स्नेप या शिक्षकाच्या धाग्यात मन बंद ठेवण्याचे धडे चालू असतात; हॅरी चोरून स्नेपची आठवण बघतो, तिथे त्याला आपल्याच वडिलांचं वाईट वागणं दिसतं, स्नेप भडकून धडे बंद करतो, मन उघडंच राहतं. शाळेतला हॅरीचा मोठा मित्र हॅग्रिड याला रात्री पकडायला येतात, तो निसटतो. त्याच्या बाजूने धावत आलेल्या शिक्षिका मॅक्गोनागलवर मंत्रांचा मारा होतो आणि तिला इस्पितळात न्यावं लागतं. आणखी दोघं गेली. शाळेत संघटनेचा माणूस उरतो तो एकटा स्नेप, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही हे हॅरीच्या मनात त्याच्याच धाग्याने पक्कं केलेलं असतं.

हॅग्रिडचा अवाढव्य सावत्र भाऊ ग्रॉप बराच वेळ निव्वळ विनोदासाठी ठेवल्यासारखा वाटतो. पण जंगलात अर्धा माणूस, अर्धा घोडा अशा सेंटॉरांच्या तावडीतून हॅरी आणि त्याची मैत्रीण हर्मायनी सुटतात ते तो मध्ये आल्यामुळेच. आमच्या मते हा त्या तक्त्यातला सर्वांत अशक्त रकाना, आणि पुस्तकातही तो सर्वांत लांबवल्यासारखा वाटतो. तरी त्याचा हिशेब चुकता झाला आहे.

आता कोऱ्या कागदापासून सुरुवात करू. समजा, तीन पुस्तकांची मालिका आहे, कोकणातल्या एका खाडीकाठी घडणारी. मुक्ता अकरा वर्षांची आहे आणि तिचा मोठा भाऊ बेपत्ता आहे. जादूचा नियम असा: अमावास्येच्या ओहोटीला खाडीच्या तळाशी एक वाट उघडी पडते. त्या वाटेने गेलं की हरवलेलं काहीतरी परत मिळतं, पण बदल्यात स्वतःची एक आठवण तिथे ठेवावी लागते. ही झाली मुख्य कथा. उपकथानकं तीन घेऊ. सलमा ही मुक्ताची जिवाची मैत्रीण, तिचे वडील खाडीवरची तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, चालवतात. मुक्ताची आजी अलीकडे फार विसरते. आणि खाडीवर पूल व्हायचा आहे, तो झाला की ही तर बंद.

आधी प्रत्येकाचं एक वाक्य लिहून काढा. सलमामुळे मुक्ताला पाण्याचं ज्ञान मिळतं, आणि ऐन वेळी ती दुरावते, कारण वाटेवर मुक्ताने ठेवलेली आठवण नेमकी दोघींच्या मैत्रीची असते. आजीमुळे मुक्ताला कळतं की या वाटेवरून पूर्वीही कोणीतरी गेलं होतं आणि त्याची किंमत अजून फेडली जात आहे. पुलामुळे मुदत पडते: खांबाचं काम वाटेपर्यंत पोचलं की वाट कायमची बंद. असं वाक्य जमत नसेल तर ते उपकथानक वगळा, मग त्यातला बोलका पोपट तुम्हाला कितीही आवडत असो.

मग दिनदर्शिका. भाद्रपदातली सर्वपित्री, अश्विनातली लक्ष्मीपूजनाची, मग कार्तिक आणि मार्गशीर्ष, अशा चार अमावास्या पहिल्या पुस्तकात बसतात. वीस प्रकरणं धरली तर त्या दुसऱ्या, आठव्या, चौदाव्या आणि एकोणिसाव्या प्रकरणात टाका. प्रकरण साधारण १८०० ते २००० शब्दांचं ठेवलं की पुस्तक ३६ ते ४० हजार शब्दांचं होतं, नऊ ते बारा वर्षांच्या वाचकाला पेलेल एवढं. इथे किनाऱ्यावरचा ठोकताळा हाताशी हवा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ निघते. अमावास्या पक्षातली पंधरावी तिथी, म्हणजे भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला, दिवसाही आणि रात्रीही. ओहोटीचा तळ पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला. मध्यरात्री कंदील घेऊन खाडीत उतरण्याचा थरारक प्रसंग मनात असेल तर तो सोडून द्या, त्या वेळी मुक्ता सरळ बुडेल. पण या अडचणीतून फायदाही निघतो. अश्विनातली ओहोटी नेमकी लक्ष्मीपूजनाच्या वेळेला येते. घर माणसांनी भरलेलं, आई हाका मारतेय, आणि मुक्ताला दहा मिनिटांत घाट उतरायचा आहे. असा ताण नुसत्या कल्पनेतून सहज सुचत नाही, जगाचा नियम काटेकोर पाळला की आपोआप हाती येतो.

आता तक्ता. मोठा कागद आडवा धरा, किंवा संगणकावर तक्ता उघडा. वीस आडव्या ओळी आणि सात रकाने: क्रमांक, तिथी, मुख्य घटना, सलमा, आजी, पूल, आणि शेवटी 'वाचकाला काय कळलं'. शेवटचा रकाना लोक टाळतात, आणि पुढे तोच नडतो. पात्राला काय ठाऊक आहे आणि वाचकाला काय ठाऊक आहे हे वेगळं मांडलं नाही, तर पंधराव्या प्रकरणात आजी तेच गुपित सांगते जे वाचकाने नवव्यातच ओळखलेलं असतं.

प्रत्येक चौकोनात एकच वाक्य, क्रियापद असलेलं. 'आजी आणि मुक्ता यांचं नातं' असं लिहिलंत तर त्या प्रकरणात काहीच घडणार नाही. 'आजी मुक्ताला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारते' हे चालेल.

तक्ता भरून झाला की प्रत्येक रकाना उभा वाचा. पुलाच्या रकान्यात पहिल्या प्रकरणात ग्रामपंचायतीची बैठक आहे आणि मग थेट तेराव्यात यंत्रं येतात, असं दिसेल. मधली अकरा घरं रिकामी. तेरावं प्रकरण येईपर्यंत मुलं पूल विसरलेली असतात, मग ती मुदत त्यांना लेखकाने ऐनवेळी लादल्यासारखी वाटते. कुठलाही धागा सलग चार प्रकरणांपेक्षा जास्त झोपू देऊ नये, हा आमचा ठोकताळा. जागा ठेवायला पूर्ण प्रसंग लागत नाही. पाचव्यात काठावर खुणेचे लाल झेंडे दिसतात, नवव्यात सलमाचे वडील तरीचं डिझेल उधारीवर घेतात. दोन-दोन ओळींचं काम. याच्या उलटही होतं: एकाच आडव्या ओळीतली सगळी घरं गच्च भरतात, आणि ते प्रकरण कोणाचंच राहत नाही. एका प्रकरणात एक धागा पुढे सरकावा, दुसऱ्याने नुसती मान वर काढावी, बाकीच्यांनी गप्प बसावं.

धागे सुरू करायला घाई नको, बंद करायला मात्र क्रम लागतो. शेवटच्या प्रसंगाआधी जे द्यायचं ते देऊन झालेलं असावं. आजीचं गुपित पंधराव्यात, पुलाची तारीख सोळाव्यात, सलमाचा समेट मात्र एकोणिसाव्यातच, प्रत्यक्ष वाटेवर, कारण तोच शेवटच्या निर्णयाला वळण देतो. नवखे लेखक मुख्य लढाई संपवतात आणि मग उरलेल्या उपकथानकांसाठी एकेक प्रकरण वाटतात. ती प्रकरणं मुलं वाचत नाहीत, पानं उलटतात.

किती उपकथानकं? आठ-नऊ वर्षांच्या वाचकांसाठी दोन पुरे. अकरा ते चौदाच्या गटाला तीन किंवा चार पेलतात. त्याहून जास्त हवीत तर मालिकेत नंतर आणा. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक १७ प्रकरणांचं आहे आणि पाचवं ३८, वाचक मधल्या वर्षांत मोठे झाले म्हणून ते चाललं.

मालिकाभर पुरणाऱ्या धाग्यांसाठी मात्र पेरणी लागते. त्याचं तंत्र तीन पावलांचं. पहिल्यांदा वस्तू दुसऱ्याच कारणासाठी दाखवायची. दुसऱ्यांदा तिचा गुण दाखवायचा, पण महत्त्व नाही. तिसऱ्यांदा ती कामाला येते. दुसऱ्या पुस्तकात जादूच्या दुकानात हॅरी एका काळ्या कपाटात लपतो. त्याच पुस्तकात शाळेतलं एक कपाट पीव्हज नावाचं भूत वरून खाली आदळतं, तेही एका विनोदी प्रसंगात. पाचव्यात हॅरीचा मित्र रॉन याचे जुळे भाऊ एका मुलाला त्या मोडक्या कपाटात ढकलतात आणि तो मधल्यामध्ये कुठेतरी अडकतो. सहाव्यात कळतं की ही कपाटांची जोडी आहे, आणि तिच्यातून शत्रू शाळेत शिरतात. वस्तू लपवण्याची आणखी एक जागा म्हणजे यादी. पाचव्या पुस्तकात जुन्या घराच्या साफसफाईत सापडलेल्या अडगळीत, इतर चार चिजांच्या मध्ये, कोणालाच न उघडलेलं एक जड लॉकेट येतं आणि जातं. पुढच्या दोन्ही पुस्तकांत त्याचा शोध चालतो. यादीत पहिली आणि शेवटची वस्तू लक्षात राहते, म्हणून महत्त्वाची मध्ये ठेवायची.

पेरलेलं सगळं उगवत नाही, त्याचीही तजवीज हवी. पहिल्या पुस्तकात जादूगारांच्या घरातला रॉन सांगतो की आईचा कोणी लांबचा भाऊ हिशेबनीस आहे, पण आम्ही त्याचा विषय काढत नाही. चौथ्या पुस्तकाच्या मूळ बेतात याच माणसाची मुलगी शाळेत येऊन बाहेरच्या बातम्या पुरवणार होती. पुस्तक अर्धं झाल्यावर रोलिंग यांना कथानकात मोठं भगदाड दिसलं, बरंच पुन्हा लिहावं लागलं, आणि ही मुलगी पूर्ण काढली गेली. अकरा वर्षांची, शाळेच्या भिंतींत अडकलेली मुलगी बाहेरचं कळवणार तरी किती? ते काम रीटा स्कीटर या पत्रकार बाईकडे गेलं, जिला कुठेही जाता येतं. माहिती पुरवणारं उपकथानक ज्या पात्राकडे देता, त्याला त्या माहितीपर्यंत पोचण्याची वाट आहे का, हे आधी तपासायचं. आणि ते हिशेबनिसाचं वाक्य? ते आजही पुस्तकात आहे, कोणाला खटकत नाही, कारण विनोद म्हणून ते स्वतःच्या पायावर उभं आहे. पेरणी अशीच करावी, उगवली नाही तरी वाक्य वाया जाऊ नये.

जादूचं सामर्थ्य हा उपकथानकांचा वैरी. तिसऱ्या पुस्तकात काळ मागे नेणारं यंत्र येतं, त्या पुस्तकापुरतं ते झकास चालतं, पण पुढे प्रत्येक मृत्यूच्या वेळी वाचक विचारणार: ते यंत्र का नाही वापरलं? पाचव्या पुस्तकात मंत्रालयातली अशी सगळी यंत्रं फोडून टाकली आहेत, ती उगाच नव्हे. कर्णाच्या शक्तीला 'एकदाच' ही अट पहिल्यापासून आहे, म्हणून ती कोणावर खर्च होते याला एवढं वजन येतं. मुक्ताच्या वाटेलाही आठवणीची किंमत म्हणूनच लावली. अशी किंमत पहिल्या वापरातच दाखवायची. नंतर आणलेली अट पळवाट दिसते.

तीन पुस्तकांत दुसरं हमखास ढेपाळतं. पहिल्याला नव्या जगाचं नावीन्य असतं, तिसऱ्याला शेवट असतो, दुसऱ्याकडे नुसता प्रवास. उपाय एवढाच की प्रत्येक पुस्तकाला स्वतःचा, त्याच पुस्तकात सुटणारा प्रश्न द्यायचा. पहिल्यात भाऊ कुठे आहे ते कळतं. दुसऱ्यात आजीने कोणाला परत आणलं होतं ते कळतं, म्हणजे पहिल्या पुस्तकातलं उपकथानक इथे मुख्य कथा होतं. मालिका पुढे नेण्याचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग: नवा खलनायक न आणता बाजूचा धागा मध्ये आणायचा.

शेवटी नोंदवही. पात्राची जन्मतारीख, डोळ्यांचा रंग, कोणता हात मोडला, कोण कोणाला काय म्हणतं (आजीला 'तू' की 'तुम्ही'), जादूचा प्रत्येक वापर आणि त्याची किंमत, हे सगळं प्रकरण क्रमांकासह टिपून ठेवावं. क्रमाच्या चुका सर्वांत लवकर पकडल्या जातात. हॅरी पॉटरच्या चौथ्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत, छडीतून मृतांच्या छाया उलट क्रमाने बाहेर येतात त्या प्रसंगी, हॅरीच्या आईआधी वडील आले होते. आई नंतर मारली गेली, म्हणजे ती आधी यायला हवी. वाचकांना ते दिसलं, पुढच्या आवृत्त्यांत दुरुस्ती झाली.

पहिला खर्डा झाला की त्या वयाच्या चार-पाच मुलांना वाचायला द्या. आवडलं का, हे विचारू नका, ती हो म्हणतात. दोन दिवस जाऊ द्या आणि मग गोष्ट तोंडी सांगायला सांगा. समोर तक्ता ठेवा आणि मूल ज्या घटनेचा उल्लेख करेल त्या चौकोनावर टिंब द्या. ज्या रकान्यात कोणत्याच मुलाचं एकही टिंब पडत नाही, तो रकाना झाकून उरलेला तक्ता पुन्हा वाचा. गोष्ट तरीही उभी राहत असेल तर तो धागा काढा. राहत नसेल तर त्याचा पहिला प्रसंग दोन प्रकरणं अलीकडे आणा आणि दुसऱ्या मुलांना वाचायला द्या.